घर बदलताना किनाऱ्याच्या रस्त्याने मोटरसायकलवर जावे का?

प्रश्न

येत्या काही आठवड्यांत आम्ही उभयता एका शहरातले बिऱ्हाड आवरून दुसऱ्या शहरात राहायला जात आहोत. घरसामान ट्रकने जाईल. मोटरसायकलही त्याच ट्रकमध्ये चढवावी आणि आपण रेल्वेने जावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. आमच्या मनात मात्र समुद्राच्या कडेने जाणाऱ्या लांबच्या रस्त्याने, वाटेत मुक्काम करत, मोटरसायकलवरूनच नव्या घरी पोहोचायचे आहे. जुने घर सुटल्यावर आणि नवे घर लागण्यापूर्वी जो मोकळा काळ मिळतो, तो पुन्हा लवकर मिळणार नाही, असे मला आणि माझ्या पतींना मनापासून वाटते. आम्ही दोघेही आळीपाळीने चालवतो आणि लांबच्या अंतराची सवय आहे. पण दोन माणसे आणि सामान असा पूर्ण भार घेऊन, तोही खाऱ्या हवेत, कधी गेलेलो नाही. गाडीवर काय आणि किती घ्यावे, किनाऱ्याच्या रस्त्यावर कोणती खबरदारी घ्यावी आणि ट्रकच्या वेळेशी या प्रवासाचा मेळ कसा घालावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सर्वप्रथम गाडीच्या माहितीपुस्तिकेत कमाल भारक्षमता पाहावी. तो आकडा केवळ सामानाचा नसतो, चालवणारा, मागे बसणारा, हेल्मेट, जॅकेट, बूट आणि पेट्या असे सर्व त्यात धरलेले असते. मध्यम आकाराच्या बऱ्याच मोटरसायकलींची ही क्षमता साधारण १५० ते २०० किलोच्या दरम्यान असते. दोन प्रौढ माणसे कपड्यांसह १४० किलोच्या आसपास गेली, तर सामानासाठी किती थोडी जागा उरते हे लक्षात येईल. घर बदलताना नेमकी इथेच फसगत होते, कारण ट्रक भरून गेल्यावर मागे राहिलेली पिशवी, कुंडी, मिक्सरचे भांडे असे सगळे "गाडीवर बसेल" म्हणून बांधले जाते. ट्रक निघण्याच्या आदल्या रात्रीच गाडीवरचे सामान वेगळे काढून, वजन करून, पिशव्या बंद करून ठेवाव्यात आणि त्यानंतर त्यांत काहीही घालू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जड वस्तू खाली आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे याव्यात. आसाच्या मागे उंचावर लावलेल्या पेटीत वजन वाढले की पुढचे चाक हलके होते आणि वेगात हँडल थरथरू लागते. चाकांतली हवा टायर थंड असताना, पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्यानुसार भरावी आणि मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीपासून दाबून ठेवण्याचे प्रमाण, वाढवावा. चेनकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. भाराने मागचा भाग खाली बसला की बऱ्याच गाड्यांची चेन अधिक ताणली जाते, त्यामुळे पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत ती घट्ट बाजूला न ठेवता सैल बाजूला ठेवणे बेअरिंगच्या हिताचे असते. हेडलाइटचा झोतही वर उचलला जातो, तो खाली घ्यावा. मागे भार असताना मागचा ब्रेक एरवीपेक्षा अधिक काम करतो, हे अंगवळणी पडण्यासाठी निघण्यापूर्वी संपूर्ण सामान बांधून एक फेरी जरूर मारावी, आणि तुम्ही दोघेही चालवणार असल्याने ती दोघांनीही मारावी.

प्रतिसाद २

माझे मत थोडे वेगळे आहे. प्रवास जरूर करावा, पण सामान नव्या घरात उतरल्यानंतर. बांधाबांधीच्या दिवसांत झोप अपुरी होते, पाठ आणि मनगटे दुखत असतात आणि मन सतत घरमालक, ट्रकचालक, गॅस आणि विजेच्या जोडण्या यांच्यात अडकलेले असते. अशा शरीराने दुसऱ्याच सकाळी पूर्ण भाराची गाडी चालवणे मला योग्य वाटत नाही. थकव्याने प्रतिसाद मंदावतो आणि तो मंदावला आहे हे चालवणाऱ्याला स्वतःला उशिरा कळते.

एकत्रच करायचे ठरले असेल, तर ट्रक रवाना झाल्यावर किमान एक पूर्ण दिवस आणि एक नीट झोप मिळाल्याशिवाय निघू नये. ट्रकशी शर्यत तर मुळीच लावू नये. सामान उतरवून घ्यायला विश्वासातले कुणी तिथे असावे किंवा ते काही दिवस गोदामात ठेवण्याची सोय आधीच लेखी करून घ्यावी. ट्रक अमुक वेळेला पोहोचणार म्हणून आपणही तोवर पोहोचलेच पाहिजे, असे ठरले की मुक्काम गाळले जातात, अंधारात गाडी चालवली जाते आणि ज्यासाठी हा रस्ता निवडला तेच हातून जाते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, परंतु "नंतर जाऊ" म्हटलेले प्रवास नवे घर लावण्याच्या व्यापात राहूनच जातात, म्हणून एक दिवस विश्रांती घेऊन याच वेळी जावे, असे मी म्हणेन.

किनाऱ्यावर दिवसाचे वेळापत्रक वाऱ्यावरून ठरवावे. सूर्य चढला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि समुद्राकडून वारे वाहू लागतात. दुपारी त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि संध्याकाळी तो ओसरतो. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या गाडीला हा वारा आडवा लागतो, विशेषतः खाडीवरच्या पुलांवर आणि डोंगराच्या आडोशातून बाहेर पडताना अचानक. दोन्ही बाजूंना पेट्या असलेली गाडी वारा जास्त धरते. म्हणून पहाटे उजाडल्यावर निघून मोठे अंतर दुपारपूर्वी संपवावे आणि दुपार मुक्कामाच्या गावी घालवावी. वळणांवर उडून आलेली वाळू असते, तिच्यावर ब्रेक न लावता आधीच वेग कमी करून गाडी सरळ ठेवून जावे.

भरतीची माहिती स्थानिक लोकांकडून घ्यावी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल मोकळा मिळालेला सखल रस्ता आज त्याच घटकेला पाण्याखाली असू शकतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर येते. फेरीबोटीतून गाडी न्यावी लागली तर ती गिअरमध्ये ठेवावी आणि बोट हलत असेपर्यंत तिच्याजवळच उभे राहावे.

पुळणीवर गाडी उतरवू नये. छायाचित्र सुंदर येते, पण ओली खारी वाळू चेनमध्ये आणि ब्रेकमध्ये शिरते आणि ती काढणे फार कष्टाचे असते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सामान उतरवून घ्यायला माझे दीर तिथे थांबणार आहेत आणि ट्रक गेल्यावर एक दिवस आम्ही मैत्रिणीकडे राहू. आणखी दोन शंका आहेत. घराची कागदपत्रे ट्रकमध्ये द्यावीत की जवळ ठेवावीत? आणि खारी हवा लागल्यावर गाडी रोज धुवावी लागते का?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

मूळ कागदपत्रे, दागिने, रोजची औषधे, किल्ल्या आणि संगणकातील माहितीची प्रत या गोष्टी ट्रकमध्ये देऊ नयेत. त्या सर्व पाणी न शिरणाऱ्या एकाच पिशवीत घालून, ती पिशवी जेवायला उतरतानाही हातात घेता येईल अशी असावी. कागदपत्रांच्या प्रती दिरांकडे आधीच पाठवून ठेवाव्यात.

धुण्याविषयी सांगायचे तर मिठाचा पातळ थर हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे पाऊस नसतानाही धातू ओलसर राहतो आणि गंज वेगाने चढतो. रोज साबण लावून धुण्याची आवश्यकता नाही. मुक्कामी पोहोचल्यावर इंजिन निवू द्यावे आणि मग गोड्या पाण्याच्या दोन बादल्या हलक्या हाताने ओताव्यात. दाबाचा फवारा बेअरिंगांवर मारू नये. गाडी कोरडी झाल्याशिवाय प्लास्टिकचे आच्छादन घालू नये, आत ओल कोंडते. चेन कोरडी करून तिला वंगण द्यावे, पण ते ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरवर उडणार नाही याची काळजी घ्यावी. सकाळी डिस्कवर तांबूस छटा दिसली तर घाबरू नये, पहिल्या काही ब्रेकमध्ये ती निघून जाते. नव्या घरी पोहोचल्यावर मात्र खोकी उघडण्यापूर्वी गाडी एकदा खालून, स्टँडच्या सांध्यांपासून स्पोकच्या टोकांपर्यंत, व्यवस्थित धुऊन घ्यावी.