शहरांचे आंतरराष्ट्रीय संघ: मुंबईच्या हाती नेमके काय पडते?

शीवकर (धागालेखक)
मुंबईने डिसेंबर २०२० मध्ये हवामान बदलावर काम करणाऱ्या सी-४० या जागतिक शहरसंघाचे सदस्यत्व घेतले, तेव्हा ‘आता परिषदा आणि परदेश दौरे सुरू’ अशी थट्टा माझ्या परिचितांतही झाली. मला ती अन्यायाची वाटते. लंडनचे तत्कालीन महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी २००५ मध्ये १८ महानगरांना एकत्र बोलावून या संघाचा पाया घातला, आणि त्याच्याच साहाय्याने तयार झालेला मुंबईचा हवामान कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडू तेवढेच शोषले जावेत यासाठी, देशाने २०७० हे वर्ष ठरवले असताना या आराखड्याने २०५० धरले आहे. पुढे जून २०२४ मध्ये महापालिकेने नॉर्वेची राजधानी ऑस्लोच्या पद्धतीवर पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. कोणता खर्च हवामानाच्या कामी येतो हे रुपयांत मांडण्याची ही पद्धत आपल्याला घरबसल्या सुचली असती, असे मला वाटत नाही.

भांडुपचा करदाता
शीवकर, आपण तारीख दिलीत म्हणून बरे झाले. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि आराखडा १३ मार्चला जाहीर झाला, म्हणजे त्यानंतरची त्याची वाटचाल राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेली. ऑस्लोत हवामानाचा हिशेब शहराच्या मूळ अर्थसंकल्पाचाच भाग असतो, लोकांनी निवडून दिलेली नगरपरिषद त्यावर वाद घालून तो मंजूर करते आणि अर्थखाते त्याला जबाबदार असते. आपल्याकडे अर्थसंकल्प फेब्रुवारीत आला, हवामानाचा अहवाल जूनमध्ये, आणि त्यावर प्रश्न विचारायला सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. त्या अहवालात सुमारे १०,२२४ कोटी रुपये हवामानाशी निगडित असल्याचे म्हटले आहे. पण पर्जन्यवाहिन्या आणि मलनिस्सारणावर महापालिका पूर्वीही पैसे घालतच होती. जुन्या खर्चाला नवे लेबल लावले की काय, हे करदात्याने कसे तपासायचे?

शीवकर
प्रशासकांच्या राजवटीबद्दल आपण म्हणता ते मान्य, परंतु तो दोष आपल्या राज्यकारभाराचा आहे, शहरसंघाचा नव्हे. लेबलाबद्दल म्हणाल तर निदान आता तपासण्यासारखा एक आकडा कागदावर आहे, पूर्वी तोही नव्हता.

भांडुपचा करदाता
आकडा आहेच, तर आणखी एक पाहा. आराखड्यानुसार २०१९ मध्ये मुंबईचे उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन होते आणि त्याचा सुमारे ७० टक्के भाग इमारतींतील ऊर्जेच्या, मुख्यतः विजेच्या, वापरातून येतो. वीज कोळशावर बनवायची की सूर्यावर, हे महापालिका ठरवत नाही. मेट्रोचा बराचसा भाग एमएमआरडीए या राज्याच्या प्राधिकरणाकडे, लोकल रेल्वेकडे. न्यूयॉर्क आणि लंडनच्या महापौरांकडे कार्यकारी अधिकार आहेत. आपला महापौर सभागृह चालवतो आणि कारभार पाहणारे आयुक्त राज्य सरकार नेमते. शहरांच्या स्थानिक संस्थांना बळ देणारी ७४ वी घटनादुरुस्ती होऊन तीन दशके उलटली तरी हे बदललेले नाही. ज्याच्या हाती वीजही नाही आणि रेल्वेही नाही, त्याने त्या पंगतीत बसून वचन कशाचे द्यायचे?

माहेर दादर
आपणा दोघांचे म्हणणे वाचले. मी पर्जन्यवाहिन्यांच्या कामावर तीस वर्षे काढली, म्हणून थोडे तांत्रिक लिहिते. आमच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधल्या होत्या, ‘ब्रिमस्टोवॅड’ या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाने ते प्रमाण ५० वर नेले, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. पाहुणे म्हणून आलेल्या एका परदेशी शहराच्या अभियंत्यांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते आधी गप्प झाले आणि मग त्यांनी विचारले, ‘भरतीच्या वेळी तुमचे पातमुख (नाला समुद्राला मिळतो ते तोंड) किती तास बंद असते?’ साडेचार मीटरच्या भरतीत नाल्याचे पाणी समुद्रात जातच नाही, उलट समुद्र आत शिरतो, ही आमची खरी अडचण त्यांना एका प्रश्नात कळली. (महापौरांच्या घोषणापत्रात ती कधी वाचल्याचे आठवत नाही.) नेहमी पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला दादर-परळच्या मैदानांखाली पाणी साठवण्याच्या टाक्या झाल्या, तशा टाक्या जपानमध्ये फार पूर्वीपासून आहेत. तेव्हा माझा अनुभव असा की अभियंत्याने अभियंत्याशी बोलले तर उपयोग होतो, बाकीचा सोहळा नसला तरी चालेल.

भांडुपचा करदाता
ताई, हे मला पटते. म्हणूनच सोहळ्याच्या आयुष्याचा प्रश्न येतो. रॉकफेलर प्रतिष्ठानने २०१३ मध्ये सुरू केलेल्या शंभर सक्षम (म्हणजे आपत्तीतून सावरू शकणाऱ्या) शहरांच्या कार्यक्रमात पुणे, सुरत, चेन्नई आणि जयपूर होती. २०१९ मध्ये प्रतिष्ठानने हात काढून घेतला. देणगीदाराच्या मर्जीवर नगरनियोजन चालवता येते का? त्याउलट २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे इतर शहरांनी तो घेतला. मुंबईनेही जवळचेच पाहावे.

शीवकर
अहमदाबादचे उदाहरण आपण माझ्याच बाजूने दिलेत. तो आराखडा गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने अमेरिकेतील एनआरडीसी या पर्यावरण संस्थेच्या सहकार्याने केला होता. परदेशी सहकार्य तिथेही होतेच, फक्त बसायची जागा परिषदेऐवजी महापालिकेचे दवाखाने आणि हवामान केंद्र होती. कार्यक्रम बंद पडले तरी शिकलेली माणसे खात्यात राहतात, एवढाच माझा मुद्दा आहे.

माहेर दादर
राहतात, पण बदली होईपर्यंत! ज्या तरुण अभियंत्याने पाहुण्यांना पातमुख दाखवले होते, तो सहा महिन्यांत इमारत प्रस्ताव खात्यात गेला आणि त्याच्या टिपणवहीचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.