कॅलिपर ब्रॅकेटचा बोल्ट गंजून बसला आहे, कसा सोडवावा?

मोरजीकर:
नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड मी घरीच बदलायला घेतले आहेत. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि गाडीने गेले दोन पावसाळे उघड्यावरच काढले. कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) १४ मिमीचे बोल्ट निमूटपणे सुटले, पण ब्रॅकेटचे, म्हणजे कॅलिपर ज्यावर बसतो त्या चौकटीचे, १७ मिमीचे बोल्ट जागचे हलत नाहीत. उजव्या चाकाच्या खालच्या बोल्टवरून रिंग पाना दोनदा सटकला आणि त्याच्या कडा आता झिजू लागल्या आहेत. पान्याला पाइप लावून ओढावे का?

जुना फिटर, डिचोली:
तूर्त ओढू नका. नुसते पॅड बदलायचे असते तर ब्रॅकेटला हात लावावाच लागला नसता. डिस्क मात्र तो काढल्याशिवाय बाहेर येत नाही. आपला रिंग पाना बहुधा बारा कोनी असावा. तो बोल्टच्या कोपऱ्यांवर जोर देतो, म्हणून सहा कोनी सॉकेट घ्या आणि तो हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा.

आज रात्री वायर ब्रशने गंज झाडून बोल्टच्या डोक्याभोवती, आणि दुसऱ्या बाजूने आट्यांचे टोक दिसत असेल तर तिथेही, गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. (रॉकेलवर आमची अर्धी हयात गेली, पण स्प्रे अधिक आत शिरतो.) सकाळी डोक्यावर सरळ चार-पाच ठोके द्या, कारण आट्यांतला गंज हादऱ्यानेच तडकतो. नंतर बोल्ट आधी किंचित आवळण्याचा प्रयत्न करा, मग सोडवा. रॅचेटला पाइप लावलात तर रॅचेटच मोडेल. त्यापेक्षा दोन फुटी ब्रेकर बार, म्हणजे सॉकेटला लावायचा लांब भक्कम दांडा, आणा. गाडी मात्र नुसत्या जॅकवर नसावी, स्टँडवर असावी.

आणखी एक, जे विचारायला संकोच वाटतो: आपण बोल्ट कोणत्या दिशेला फिरवत आहात? त्याचे डोके आत, इंजिनाच्या बाजूला असते आणि आपण बाहेरून वाकून हात घालतो, त्यामुळे सोडवण्याची दिशा आपल्याला उलटी दिसते.

सांकवाळचा शेजारी:
आमच्याकडे गॅसच्या ज्योतीने बोल्ट लाल केला की दोन मिनिटांत सुटतो. एवढा खटाटोप कशाला?

जुना फिटर, डिचोली:
तिथून वीतभर अंतरावर ब्रेकची रबरी होज आणि स्लाइड पिनांची (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिनांची) रबरी बुटे आहेत, आणि स्प्रे स्वतःच पेट घेतो. कॅलिपर आणि होज बाजूला काढून, स्प्रे पूर्ण पुसून अनुभवी माणसाने ज्योत लावली तर ती चालते; घराच्या अंगणात तो उपाय मी शेवटचा मानतो.

मोरजीकर:
सांगायला लाज वाटते, पण वरचा बोल्ट मी दोन तास आवळतच होतो. दिशा बदलल्यावर तो ‘टक्’ असा आवाज करून सुटला. झिजलेल्या बोल्टवर १७ चा सॉकेट फिरू लागला, म्हणून १६ चा जुना सहा कोनी सॉकेट ठोकून बसवला आणि बार हळूहळू ओढला. बोल्ट सुटला, सॉकेटमध्ये मात्र असा रुतला की तो काढायला पक्कड लागली. आता डिस्क हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) चिकटून बसली आहे.

जुना फिटर, डिचोली:
डिस्कवर आट्यांची दोन भोके असतील, तर त्यांत बसणारे बोल्ट, बहुतेक ८ मिमीचे, आळीपाळीने थोडे थोडे आवळा. डिस्क स्वतःहून बाहेर सरकेल. हबवरचा गंज धातू दिसेपर्यंत घासा. तिथे पापुद्रा राहिला तर नवी डिस्क किंचित तिरकी बसते आणि पुढे ब्रेक दाबताना पेडल थरथरते. झिजलेला बोल्ट परत लावू नका. स्लाइड पिनांना ब्रेकचे सिलिकोन ग्रीस लावा, साधे ग्रीस रबर फुगवते. शेवटी ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने), आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावरच आवळा.

मोरजीकर:
नवे बोल्ट म्हापशात मिळाले आणि उजवे चाक पूर्ण झाले. डाव्या बाजूला आजच स्प्रे मारून ठेवला आहे.