देशोदेशीच्या पोरांचा वाद्यवृंद: नुसता देखावा?

पंचवटीकर: भाची व्हायोलिन शिकते, पाश्चात्त्य. सध्या युरोपियन युनियन यूथ ऑर्केस्ट्राचे व्हिडिओ बघून वेडी झालीये. १९७६चा वाद्यवृंद, क्लाउदिओ अब्बादो पहिला संगीत दिग्दर्शक, वादक युनियनच्या सदस्य देशांतले, १६ ते २६ वयाचे. चांगलं वाजवतात, वादच नाही. पण 'संगीत देश जोडतं' हे काही पचत नाही. ब्रिटनने युनियन सोडायचं ठरवलं आणि वाद्यवृंदाला लंडन सोडून इटलीत बिऱ्हाड हलवावं लागलं. २०१६त तर युरोपचं अनुदान अडलं म्हणून बंदच पडत होता. काय जोडलं?

गंगापूर_रोड: अहो, अनुदान अडलं हा संगीताचा दोष कसा? पियानोवादक-संगीत दिग्दर्शक डॅनियल बॅरेनबोईम आणि पॅलेस्टिनी वंशाचे विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९त जर्मनीतल्या वायमारला वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्रा उभा केला. इस्रायली आणि अरब मुलं एकाच स्टँडवरची नोटेशन वाचून वाजवतात. २००५ला पॅलेस्टाईनमधल्या रामल्लात कार्यक्रम करायचा तर स्पेनने सगळ्यांना राजनैतिक पासपोर्ट दिले. देखाव्यासाठी कुणी एवढी यातायात करेल?

पंचवटीकर: यातायात केली. भांडण मिटलं का?

गंगापूर_रोड: मिटेल असं म्हटलं कुणी? हा शांततेचा नाही, अज्ञानाविरुद्धचा प्रकल्प आहे, असं खुद्द बॅरेनबोईम सांगत आलाय. शांततेचं बिल तुम्हीच त्याच्या नावावर फाडताय.

ढोलवाला_सिडको: मी पथकवाला, व्हायोलिनमधलं कळत नाही. पण एकत्र वाजवणं काय असतं ते कळतं. आपल्या मैफिलीत तानपुरा गाणाऱ्याच्या पट्टीला लावतात, पेटीवरच्या पट्ट्यांत सांगायचं तर कुणाची काळी एक, कुणाची काळी चार. ऑर्केस्ट्रात शंभर जण ओबो नावाच्या फुंकवाद्याच्या एका सुराला वाद्यं लावतात. स्वतःची सोय बाजूला ठेवायची सवय पोरांना तिथे लागते. मला तरी एवढं पुरे आहे.

जुना_श्रोता: म्हणजे ख्यालवाले स्वार्थी? ढोलवाले भाऊ, जरा दमानं. साथीदार क्षणोक्षणी ऐकत नसेल तर ख्याल उभाच राहत नाही. आणि अनेकांना एकत्र बसवून शिकवणं गायक पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१लाच लाहोरच्या गांधर्व महाविद्यालयात सुरू केलं. त्यांचा रामनाम आधार आश्रम आपल्या नाशिकचाच. परदेशाकडे बघून हरखण्याआधी हे तरी माहीत असावं.

गंगापूर_रोड: काका, पलुस्करांनी स्वरलिपी केली, वर्ग भरवले. वीस पोरांनी वीस वेगळ्या ओळी वाजवून एक रचना उभी करायची, हे शिक्षण आपल्या वर्गांत आजही मिळत नाही. मुंबईत २००६ला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया निघाला, तर वादक कझाकस्तानहून आणावे लागले.

पंचवटीकर: तेच तर! इथे व्हायोलिन शिकवणारे सापडतात, व्हिओला-चेलो ही व्हायोलिनची मोठी भावंडं वाजवणारी पोरं आणू कुठून? भाची काय एकटीच ऑर्केस्ट्रा वाजवणार?

गंगापूर_रोड: थांबा, थांबा. म्हणजे तुम्हाला आता इथेच ऑर्केस्ट्रा हवाय?

ढोलवाला_सिडको: चौघांपासून सुरुवात करा. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. तालमीला आमच्या पथकाची खोली घ्या, पावसाळा सोडून. गणपतीआधी ती आम्हालाच पुरत नाही.