‘ॲपर्चर वाढव’ म्हणजे आकडा वाढव की भोक?

प्रश्न
रविवारी पहाटे रामकुंडावर धाकट्या भावाच्या हातात कॅमेरा दिला होता. मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं, एफ ४. उजेड कमी पडतोय असं वाटून मी म्हणालो, "ॲपर्चर वाढव," म्हणजे लेन्समधली उजेडाची वाट मोठी कर. त्याने आकडा वाढवला, थेट १६. सगळे फोटो काळे. चूक त्याची नाही, शब्दाची आहे. ॲपर्चरला मराठीत नेमकं काय म्हणावं?

उत्तर
घोळ नामात नाही, क्रियापदात आहे. एफपुढचा आकडा भागाकारातून येतो: लेन्सचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) भागिले उघड्या भागाचा व्यास. ५० मिमी नाभीय अंतराच्या लेन्सला एफ ४ म्हणजे साडेबारा मिमी, एफ १६ म्हणजे जेमतेम ३. व्यास चौथाई झाला की क्षेत्रफळ सोळावा हिस्सा उरतं, उजेडही तेवढाच. मग "वाढव" म्हटल्यावर आकडा की भोक, हे पोराने कसं ओळखावं? "उघड" आणि "मीट" म्हणा. डोळ्यांना आपण तेच म्हणतो.

नामांत ‘छिद्र’ मला पटत नाही. छिद् म्हणजे कापणं. पाडलेलं भोक तेवढंच राहतं. सूचिछिद्र (पिनहोल) कॅमेऱ्याला तो शब्द चपखल. ‘रंध्र’ बरं, कारण द्राक्षाच्या पानावरची पर्णरंध्रंही उघडतात-मिटतात. तरी माझा कौल ‘बाहुली’ला. बुबुळ हा पडदा, बाहुली ही त्याच्या मधली वाट. लेन्समध्येही पात्यांचा पडदा वेगळा आणि पात्यांनी मधे सोडलेली जागा वेगळी. ॲपर्चर म्हणजे ती जागा, पाती नव्हेत. बोलताना आपण हे दोन्ही सर्रास एक करतो, ते थांबायला हवं.

आणखी एक
दुर्बिणीला बाहुली चालणार नाही. तिथे ॲपर्चर म्हणजे मुख्य आरशाचा किंवा भिंगाचा व्यास, तो मिटत नाही. अंधारात डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते. २०० मिमीची दुर्बीण तिच्या आठशेपट उजेड गोळा करते. तिथे सरळ ‘व्यास’ म्हणावं.

प्रश्नकर्ता
काल पांडवलेण्यांच्या चैत्यगृहात भावाला म्हणालो, "दोन स्टॉप उघड," म्हणजे उजेड दोनदा दुप्पट कर. त्याने ५.६ वरून २.८ केलं, काही न विचारता. आता ‘स्टॉप’ला शब्द सुचवा.