यशिका-डीसाठी जुना लाइट मीटर: सेकॉनिक, लुनासिक्स की मिनोल्टा?

खामल्याची_यशिका
नमस्कार मंडळी. माझ्याकडे यशिका-डी आहे, दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा. शटर साफ करून घेतलं, लेन्सला बुरशी नाही, सगळं झकास. फक्त या कॅमेऱ्यात उजेड मोजायचा मीटर नाही. आजवर फोनवरच्या ॲपने भागवलं, पण आपल्या नागपुरात मे महिन्यात फोनच तापून बंद पडतो. पडला नाही तरी उन्हात स्क्रीन दिसत नाही. गळ्यात कॅमेरा, एका हातात फोन आणि डोक्यावर दुपट्टा, अशी कसरत चालते माझी.

जुने तीन मीटर पाहून राहिली आहे:

सेकॉनिक एल-३९८. विकणारा साडेचार हजार म्हणतो. पांढरा डोम आहे, थोडा पिवळा पडलाय. सोबतच्या बारीक पट्ट्या, चकत्या हरवल्या म्हणे.

गॉसेन लुनासिक्स ३. तीन हजार. केस, दोरी सगळं आहे. "याचा सेल मिळत नाही, म्हणून चालू करून पाहिला नाही." असं विकणारा म्हणतो. तो इथेच सदर भागात आहे.

मिनोल्टा ऑटोमीटर फोर-एफ. नऊ हजार, मुंबईहून कुरियरने, परत घेणार नाही.

फोटो मुख्यतः महाल भागातले जुने वाडे, आतून. शिवाय यंदा मारबतीचे, म्हणजे पोळ्यानंतरच्या मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्यांचे, फोटो काढायचे आहेत. एचपी५चा (४०० वेगाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) १२०चा रोल, बाराच फोटो. अंदाजपंचे चालणार नाही. काय घेऊ?

रोलसंपला
ताई, नागपुरात मीटर कशाला? ऊन म्हटलं की लेन्सचं छिद्र एफ/१६, रोलचा वेग ४०० तर शटर १/५०० सेकंद, विषय संपला. नऊ हजारात किती रोल येतील ते मोजा आधी.

बर्डीचा_फोटोवाला
वरच्या भाऊचं अर्धं बरोबर आहे. ऑक्टोबर ते मे आपलं ऊन एवढं इमानदार असते की दुपारी मीटर खिशातून काढायची गरजच नाही. लख्ख उन्हात आयएसओ (रोलचा वेग) १००ला ईव्ही (उजेडाचा आकडा, एकाने वाढला की उजेड दुप्पट) १५, म्हणजे एफ/१६ला १/१२५. हे पाठच ठेवा. पण ताईने काय लिहिलं ते वाचा ना: वाडे, आतून. मीटर लागतो तो सावलीत, ओसरीवर, माजघरात, संध्याकाळी. म्हणून जुना मीटर घेताना पहिला प्रश्न ब्रँडचा नाही. तो अंधारात कुठवर पाहतो, हा पहिला प्रश्न.

मी स्टुडिओत बरीच वर्षं ३९८ वापरला. त्यात सेलेनियम आहे, उजेड पडला की स्वतःच वीज तयार करतो, बॅटरीची कटकट नाही. पण त्याची खालची हद्द ईव्ही ४. एचपी५ घालून एफ/३.५ला ते होते साधारण १/५ सेकंद. माजघरात खिडकीपासून दोन पावलं आत गेलात की त्याच्या खाली. आणि हद्दीजवळ सुई इतक्या दाटीत हलते की वाचणं म्हणजे चष्म्याची परीक्षा. आता त्या हरवलेल्या पट्ट्यांचं. त्यातली एक 'हाय स्लाइड' असते, जाळीसारखी बारीक भोकं असलेली, भर उन्हात डोमच्या मागे सरकवायची. ती नसली की आपल्या उन्हात सुई सरळ टोकाला जाऊन टेकते. म्हणजे हा नग उन्हात बी आंधळा, अंधारात बी आंधळा, मधल्या ढगाळ दिवसापुरता शहाणा. साडेचार हजार? पट्टीसकट असता तर गोष्ट वेगळी. अन् पिवळ्या डोमची तेवढी काळजी करू नका, तडा गेलेला मात्र नको.

लुनासिक्स ३ ईव्ही उणे ४पर्यंत जातो, देवघरातल्या समईच्या उजेडातही सुई हलते. तुमच्या कामाला तिघांत हाच. "सेल मिळत नाही" हे ऐकून पळू नका, उलट भाव पाडा. त्यात १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे दोन सेल लागत. पाऱ्यामुळे ते बनणंच बंद झालं. साधा अल्कलाइन घालू नका. तो दीड व्होल्टचा असतो आणि वापरता वापरता उतरत जातो, मीटर रोज नवीन खोटं बोलतो. धंतोली-रामदासपेठेत कानाच्या मशीनची दुकानं आहेत, तिथे ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मागा. १.४ व्होल्ट, आणि संपेपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. मापाने लहान आहे, म्हणून भोवती रबराची कडी आणि वर फॉइलची घडी लागते. चिकटपट्टी काढली की मिनिटभर हवेत ठेवून मग बसवा. एकदा पट्टी निघाली की त्याचं आयुष्य सुरू. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो लवकर वाळतो, तेव्हा पाकीटच घेऊन ठेवा.

याची एक खोड आहे. आत उजेड ओळखणारा सीडीएस सेल असतो (बॅटरीचा नव्हे), त्याला उजेडाची आठवण राहते. उन्हातून वाड्यात शिरल्या शिरल्या वाचाल तर चुकीचं सांगेल. झाकून आत न्या, एक-दोन मिनिटं दम धरा.

मिनोल्टा सगळ्यांत आरामाचा. पेन्सिल सेलवर चालतो, फ्लॅशही मोजतो. पण परत घेणार नाही म्हणणाऱ्याकडून कुरियरने? सेल गळून आतले पत्रे हिरवे झालेत का, स्क्रीनवर काळे डाग पसरलेत का, एवढं तरी व्हिडिओवर दाखवायला लावा. थोडा हिरवेपणा व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो, तार खाल्ली असेल तर नाही.

आता तपासायचं कसं. लोक उन्हात धरतात, एफ/१६ आलं की खुश. पण उजेड ओळखणारा जुना सेल एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली असू शकतो. म्हणून रात्री खोली अंधारी करा, जुना पिवळा बल्ब एकच लावा (स्वस्त एलईडी लुकलुकतात), मीटरचा डोम बल्बकडे करा आणि टेपने मोजून १, १.४, २, २.८ मीटरवर रीडिंग घ्या. जागा असेल तर ४वर पण. आकडे ओळखीचे वाटले ना? लेन्सच्या रिंगवरचेच. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून प्रत्येक पायरीला बरोबर एक स्टॉप कमी यायला पाहिजे. दुसरा मीटर लागत नाही, फोन लागत नाही. फक्त पांढऱ्या भिंतीपासून लांब राहा, नाहीतर भिंतीचा उजेड उलटून येतो आणि लांबच्या अंतरावर घट कमी दिसते. मीटर सगळीकडे सारखाच कमी किंवा सारखाच जास्त दाखवत असेल तर चालते. पायऱ्या असमान आल्या तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

मारबतीसाठी एकच सांगतो. डोम सरकवून, कॅमेऱ्याकडे तोंड करून मोजा. वस्तूवर पडणारा उजेड मोजायचा, वस्तूवरून परतलेला नाही. काळी मारबत परतलेल्या उजेडावर मोजली की मीटर तिला राखाडी करायला बघतो, निगेटिव्ह जाड होते. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट तसाच मोजा, उलटी गोष्ट होईल, घुमट मळकट. गर्दीत मारबतीजवळ जाता येत नाही, पण तुमच्यावरही तेच ऊन पडत असते. उभे आहात तिथेच मोजा.

वेस्टनप्रेमी_अमरावती
काका, सेलेनियमला एवढं झोडू नका. माझा वेस्टन मास्टर फाइव्ह अजून ठणठणीत आहे. कमी उजेडाला मागची जाळीची झडप उघडली की दुसरी पट्टी येते. इन्व्हरकोन (पडणारा उजेड मोजायला वर लावायची पांढरी टोपी) मात्र सोबत हवा, तो नंतर शोधायला गेलात तर मीटरपेक्षा महाग पडतो. पावसाळ्यात मी सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो, सेलेनियमला ओल मानवत नाही. आणि कोणी मास्टर टू घेत असेल तर लक्षात ठेवा, त्यावरचा फिल्मचा वेग वेस्टनच्या स्वतःच्या मोजणीत आहे. १००च्या रोलला ८०, ४००ला ३२० लावायचा.

बर्डीचा_फोटोवाला
मास्टर फाइव्ह चांगलाच आहे भाऊ, कबूल. पण ताईच्या यादीत नाही ना तो.

खामल्याची_यशिका
काका, सदरला जाऊन आले. सेल धंतोलीतून आधीच घेऊन गेले होते. बॅटरी-चेकला सुई खुणेच्या आत आली. तो गृहस्थच जास्त चकित झाला, आणि मग लगेच "साडेतीन द्या" म्हणायला लागला! शेवटी अठ्ठावीसशेला दिला. रात्री बल्ब लावला. १पासून २.८पर्यंत प्रत्येक पायरीला एक-एक स्टॉप उतरलं. ४ मीटरला थोडं कमी उतरलं, पण आमची भिंत पांढरी आहे. एकच खोट: तो उन्हातच काय, सगळीकडे अर्धा स्टॉप कमी उजेड दाखवतो. आता?

बर्डीचा_फोटोवाला
मग काही करू नका. सगळीकडे सारखाच कमी दाखवतो ना? कमी उजेड समजून तो तुम्हाला जास्त एक्स्पोजर देतो, म्हणून एचपी५ला मीटरवरची रोलच्या वेगाची डायल ४००वर न ठेवता ५०० आणि ६४०च्या मधे ठेवा. आणि हो, आधी मागचा छोटा स्क्रू पाहा, सेल काढून सुई शून्यावर बसते का. बसत नसेल तर तिथूनच सुधारेल, मग डायलला हात लावू नका.

खामल्याची_यशिका
शून्यावरच आहे. डायल बदलते. एक शेवटचं, ढगांसाठी पिवळा फिल्टर घेऊन राहिले.

बर्डीचा_फोटोवाला
यशिका-डीला बे-वन मापाचा लागेल, खालच्या लेन्सला, फोटो तिच्यातूनच येतो. हातातल्या मीटरला फिल्टर दिसत नाही, तेव्हा पिवळ्याला एक स्टॉप तुम्हीच वाढवा. नारंगी घेतला तर दोन.