कर्ता माणूस गेला. चार लाखांत प्रकरण मिटवावे का?

प्रश्न: सावदेकर

गेल्या लग्नसराईत सावदा–फैजपूर रस्त्यावर आमच्या मेहुण्यांच्या मोटारसायकलला लग्नाहून परतणाऱ्या एका मोटारीने समोरून धडक दिली आणि ते जागीच गेले. चालक दारू प्यायलेला होता हे त्याला गाडीबाहेर काढणाऱ्या चौघांनी पाहिले. मात्र त्याच्या रक्ताचा नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला गेला. मेहुणे 36 वर्षांचे होते. केळीच्या गाड्या भरून देण्याचे काम आणि दोन म्हशींचे दूध, असे मिळून महिन्याला 20,000 रुपयांच्या आसपास घरात येत असत.

उत्तरकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेले होते. त्यानंतर एक म्हैस विकावी लागली, बचत गटाचा हप्ता थकला आणि दहावीतली भाची शिकवणी सोडून पहाटे आईबरोबर गोठ्यात राबू लागली. धाकटा भाचा रात्री मोटारसायकलचा आवाज आला की उठून बसतो. चुरडलेली गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारात आहे आणि तिच्या हँडलला बाजाराची पिशवी अडकवलेली आहे, त्यामुळे बहीण त्या रस्त्याने जाणे टाळते.

चालकाकडील माणसे आमच्या दूरच्या सोयरिकीतली आहेत. नशेतल्या चालकाचे पैसे विमा कंपनी देत नाही, तेव्हा चार लाख घ्या आणि मिटवा, असे ते सांगतात. गावातील वडीलधाऱ्यांचेही तेच म्हणणे आहे. बहिणीच्या सासूबाईंचा जीव त्यात अडकला आहे, कारण उद्याचा किराणा त्यांना आज दिसतो. बहिणीने काय करावे?

उत्तर: धुळ्याहून एक वकील

दादा, ताईंनी कोणत्याही कागदावर सही करू नये, हे सर्वांत आधी सांगतो. फौजदारी खटला सरकार चालवते; निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे भारतीय न्याय संहितेचे कलम 106 तडजोडीने मिटवता येणारे नाही. गावकीत बसून मिटवायचे म्हणजे प्रत्यक्षात मिटतो तो फक्त ताईंचा भरपाईचा हक्क.

तो हक्क किती मोठा आहे, ते पाहा. वर्षाचे उत्पन्न 2,40,000 रुपये धरले, तर चाळिशीच्या आतील स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत भविष्यातील वाढीसाठी त्यात 40 टक्के मिळवतात. पत्नी, दोन मुले आणि आई अशा चार अवलंबितांमुळे त्यातून एक चतुर्थांश त्यांचा स्वतःचा खर्च म्हणून वजा होतो आणि उरलेल्या 2,52,000 रुपयांना या वयासाठी ठरलेल्या 15 ने गुणतात. ही रक्कम 37,80,000 रुपये होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांनी ही रीत ठरवून दिली आहे. अर्थात, उत्पन्न सिद्ध करावे लागते. केळीच्या व्यापाऱ्याची वही, दूध डेअरीचा हिशेब आणि बँकेचे पासबुक आजच गोळा करा.

चालक नशेत असणे हा विमा कंपनीचा बचाव असू शकतो, परंतु तो तिने सिद्ध करायचा असतो. आणि सिद्ध झाला तरी कंपनीने आधी वारसांना पैसे द्यावेत व नंतर गाडीमालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये अनेकदा देतात. गाडीचा विमा त्या दिवशी चालू होता का, हे मात्र तपासा. दावा ताई राहतात त्या भागातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून एक आठवडाही वाया घालवू नका.

रक्ताबद्दलची आपली शंका रास्त आहे. 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर मोटार वाहन कायद्याचे दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलचे कलम 185 लागू होते, पण शरीर ते तासागणिक कमी करत जाते आणि सकाळपर्यंत पुरावा विरून जाऊ शकतो. म्हणूनच त्या चौघांचे जबाब नोंदवले गेले आहेत का आणि डॉक्टरांनी तपासणीच्या कागदावर काय लिहिले आहे, याचा पाठपुरावा करा.

उत्तर: तापीकाठची एक गृहिणी

भाऊ, मी दुसऱ्या बाजूच्या घरातली आहे. माझे यजमान हळदीच्या कार्यक्रमातून पिकअप घेऊन निघाले, त्या वेळी मी त्यांच्या हातातील किल्ली धरली होती आणि चार लोकांसमोर त्यांनी ती हिसकावून घेतली. त्या रात्री एका शेतमजूर बाईचा जीव गेला. गाडी सासऱ्यांच्या नावावर होती, म्हणून भरपाई त्यांच्यावर बसली; ती भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, हे आम्हांला नोटीस आल्यावर कळले. दोन एकर बागायत विकली गेली. सासरे आता कोणाच्या लग्नाला जात नाहीत.

हे मी दया मागण्यासाठी लिहीत नाही. त्या बाईच्या मुलांना जे मिळाले ते त्यांच्या हक्काचे होते आणि आपल्या बहिणीलाही तिच्या हक्काचे पूर्ण मिळावे, असे मला मनापासून वाटते. सोयरिकीचा विचार करून तिने माघार घेऊ नये.

उत्तर: शहाद्याचे निवृत्त शिक्षक

वकीलसाहेबांनी सांगितले त्यात एक भर घालतो. उत्पन्न कितीही असले तरी महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे. भाचीची शिकवणी मात्र दाव्याच्या निकालाची वाट पाहू शकत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. माझ्या अनुभवात शिक्षक अशा मुलीला शाळेनंतर आनंदाने शिकवतात.

आमच्या भागात हळदीला दारू ही आता मानपानाचीच बाब झाली आहे आणि लिंबूपाणी पाजले की माणूस गाडी चालवायला मोकळा, असा समज आहे. लिंबाने, चहाने किंवा डोक्यावर पाणी ओतल्याने रक्तातील दारू उतरत नाही. त्याला कित्येक तास जावे लागतात. यजमानाने पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय करावी, ती जमत नसेल तर दारू ठेवू नये.

सावदेकर

सर्वांचा आभारी आहे. ताई, आपले उत्तर बहिणीला वाचून दाखवले आणि त्यानंतर सासूबाईंनीच निरोप पाठवला की चार लाख नकोत. व्यापाऱ्याने वहीच्या प्रती देण्याचे मान्य केले आहे. दावा लागेपर्यंत घर चालावे म्हणून आम्ही तिघे भाऊ दरमहा ठरावीक रक्कम देणार आहोत. वकीलसाहेब, अपघाताला पाचवा महिना चालू आहे. डॉक्टरांच्या कागदाची प्रत हाती येण्यापूर्वी दावा दाखल करता येईल का?

धुळ्याहून एक वकील

येईल. प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि वारसांचे कागद एवढ्यावर दाखल करा. बाकीचे कागद नंतर जोडता येतात.