लाइपझिगच्या ल्यूथरन मंडळीचे आठवडाभराचे जीवन पाहून : आपल्या कोल्हापूरच्या मंडळीने त्यातले काय घ्यावे?

प्रश्न : शाहूपुरीकर

सर्वांना सलाम.

माझी भाची शिक्षणासाठी जर्मनीतील लाइपझिग येथे राहते आणि तेथील एका ल्यूथरन मंडळीत (मार्टिन ल्यूथर यांच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट चर्चमध्ये) नियमाने उपासनेला जाते. परवा सुट्टीत कोल्हापूरला आली, तेव्हा तिने त्या मंडळीचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मंडळीपत्र सोबत आणले होते. आमच्या स्वयंपाकघरात बसून तिने मला त्याची ओळ न् ओळ मराठीत सांगितली. मी गेली चार वर्षे आमच्या मंडळीच्या कार्यक्रम समितीत आहे, त्यामुळे ते पत्र ऐकताना मन एकीकडे आनंदले आणि दुसरीकडे खजीलही झाले.

त्यात मोठे दिवस तर होतेच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कापणीची उपकारस्तुती, ३१ तारखेला धर्मसुधारणा दिन (ल्यूथर यांनी सुरू केलेल्या चळवळीचा स्मरणदिन), ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी मुलांची कंदिलांची मिरवणूक, त्यानंतर पश्चात्ताप व प्रार्थनेचा बुधवार, आगमनकाळापूर्वीच्या (आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार) शेवटच्या रविवारी मृतांचे स्मरण आणि मग आगमनकाळाचा पहिला रविवार. मला अधिक मोलाची वाटली ती मधली पाने. मंगळवारी दुपारी वृद्धांची कॉफी, बुधवारी संध्याकाळी पितळी वाद्यांच्या पथकाचा सराव, गुरुवारी दृढीकरणाचा वर्ग (मुलांना मंडळीचे पूर्ण सभासद होण्यासाठी तयार करणारा), असे सर्व छापलेले होते आणि प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचे नाव व दूरध्वनी क्रमांक दिलेला होता. पितळी वाद्यांच्या ओळीला भाचीने पेन्सिलीने खूण केली होती. जिने आयुष्यात कधी पेटीलाही हात लावला नाही ती मुलगी तेथे ट्रम्पेट शिकते आहे, कारण नवशिक्यांनाही त्या पथकात घेतात.

आमच्याकडे नाताळाच्या पंधरवड्यात चर्चमध्ये पाऊल ठेवायला जागा नसते, आणि नवे वर्ष लागले की हॉलला जे कुलूप लागते ते ईस्टरपर्यंत निघत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या शब्बाथशाळेत (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत) अनेक वर्षे शिकवलेल्या एक वृद्ध बाई वारल्या. त्यांच्या निधनाची सूचना वेळेत कोणाकडून कोणाकडे गेलीच नाही, आणि पुढच्या रविवारी उपासनेत त्यांचे नावही घेतले गेले नाही. त्यांचा मुलगा उपासना संपल्यावर दाराशी माझी वाट पाहत थांबला होता. तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "दादा, आईचं नाव राहिलं का?" ते मला आजही विसरता येत नाही.

म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. एवढ्या मोठ्या शहरात, जेथे माणसे एकमेकांपासून दूर राहतात, तेथे मंडळीचे हे आठवडाभराचे जीवन चालते कसे? आणि येत्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आपल्या मातीत रुजेल असे त्यातले काय घेता येईल? जाता जाता आणखी एक : तेथे चर्चसाठी पगारातून कर कापतात असे ऐकून माझी बहीण काळजीत पडली आहे, त्याविषयीही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर : इचलकरंजीचा, सध्या लाइपझिग

दादा, सलाम. मी येथे नोकरीनिमित्त सात वर्षे राहतो.

प्रथम ताईंची काळजी दूर करतो. येथे राहण्याची नोंद करताना धर्म विचारतात, आणि त्यात प्रॉटेस्टंट असे लिहिले की चर्च-कर लागू होतो. लाइपझिग ज्यात येते त्या सॅक्सनी प्रांतात तो आयकराच्या ९ टक्के असतो. उत्पन्नाच्या ९ टक्के नव्हे, भरावयाच्या आयकराच्या ९ टक्के. ज्या विद्यार्थ्याला आयकरच बसत नाही त्याला हा करही बसत नाही, तेव्हा भाचीने निश्चिंत असावे.

आता मुख्य प्रश्न. या शहराला उपासनेचा आणि संगीताचा मोठा वारसा आहे. १५३९ च्या पेंटेकॉस्टच्या सणाला मार्टिन ल्यूथर यांनी येथील थॉमस चर्चमध्ये उपदेश केला, पुढे १७२३ ते १७५० अशी सत्तावीस वर्षे योहान सेबास्टियन बाख त्याच चर्चच्या गायनाचे प्रमुख होते, आणि आजही शुक्रवारी संध्याकाळी व शनिवारी दुपारी तेथे गायनाची उपासना होते. निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना होते. पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीत पुष्कळदा तेथे मूठभर माणसे असत, तरीही प्रार्थना बंद पडली नाही, आणि ९ ऑक्टोबर १९८९ रोजी त्याच प्रार्थनेनंतर सुमारे ७० हजार लोक त्या राजवटीविरुद्ध हातात मेणबत्त्या घेऊन शांतपणे रस्त्यावर उतरले. हा प्रसंग एवढ्यासाठी सांगितला की येथील मंडळ्यांना पाच-सहा माणसांच्या जमावाची लाज वाटत नाही. आपल्याकडे "माणसेच येत नाहीत" म्हणून जो कार्यक्रम दुसऱ्याच महिन्यात बंद होतो, तो येथे तेवढ्याच माणसांवर वर्षानुवर्षे चालतो.

दुसरे कारण तुमच्या नजरेत आलेलेच आहे. समितीने ठरवले आणि समितीने केले, असे येथे सहसा होत नाही. कॉफीची किटली कोणी लावायची हेसुद्धा एका माणसाच्या नावावर असते, आणि तो आजारी पडला तर दुसरा कोण, हेही ठरलेले असते. पाळकबाई (आमच्याकडे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, स्त्री आहेत) मंगळवारच्या वृद्धांच्या बैठकीला महिन्यातून एकदाच येतात. बाकीचे मंगळवार एक निवृत्त परिचारिका सांभाळतात.

मृतांच्या स्मरणाच्या रविवारविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचा तो दाराशी थांबलेला मुलगा वाचून मला माझाच प्रसंग आठवला. हा दिवस प्रशियाच्या राजाने १८१६ साली ठरवून दिला आणि पुढे तो सर्व जर्मन प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रुजला. त्या उपासनेत वर्षभरात देवाघरी गेलेल्या सभासदांची नावे एकेक करून, मध्ये पुरेसा वेळ देऊन वाचतात, आणि प्रत्येक नावाला घरचे कोणी तरी पुढे जाऊन ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवते. मी येथे आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी इचलकरंजीत माझे वडील वारले. ते या मंडळीचे सभासद नव्हते, त्यांनी हे शहर कधी पाहिलेही नव्हते. तरी पाळकबाईंनी आदल्या आठवड्यात मला बोलावून त्यांचे नाव कागदावर लिहून घेतले, आणि आडनावातला "ळ" जमेपर्यंत माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. रविवारी त्यांनी तो अगदी बरोबर उच्चारला. त्या दिवसापासून ही मंडळी मला माझी वाटते.

उत्तर : जुना पंच

शाहूपुरीकर, आपला प्रश्न आवडला. थोडी सावधगिरीची सूचना करतो आणि मग माझे मत सांगतो.

आपली कोल्हापूरची परंपरा ल्यूथरन नाही. भारतातील ल्यूथरन कार्याचा आरंभ १७०६ साली तमिळनाडूतील तरंगंबाडीला झाला, आणि आजही त्या मंडळ्या मुख्यतः तमिळनाडू, आंध्र, झारखंड या भागांत आहेत. कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर आले, पुढे ते कार्य अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, आणि १९७० साली नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा आपल्या मंडळ्या त्या ऐक्यात आल्या. मंडळीचे वडील (म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ) मंडळीतूनच निवडायचे आणि कारभाराचा भार त्यांच्यावर टाकायचा, ही आपली रीत त्या वारशातून आली आहे. त्यामुळे "प्रत्येक कामाला एक माणूस" ही गोष्ट आपण जर्मनीकडून उसनी घ्यावी असे नाही. ती आपल्याकडे होती आणि आपण ती पंचकमिटीच्या टेबलावर गोळा करून ठेवली, हा आपला दोष आहे.

आठवड्याचे जीवनही आपल्याकडे होते. माझ्या लहानपणी दर बुधवारी पाळीपाळीने एकेका घरी प्रार्थना असे. पेटी, तबला, टाळ घेऊन मंडळी येत, ना. वा. टिळकांची भजने होत, आणि ज्या घरची पाळी असेल तेथे चहा आणि बटर. अपार्टमेंट झाली, दोघेही नोकरीला जाऊ लागले, घरी माणसे बोलवायची म्हणजे जेवणच घालायचे अशी प्रथा पडली, आणि संकोचाने प्रार्थना बंद झाल्या. लाइपझिगला ट्रम्पेट आहे तर आपल्याकडे पेटी आहे. नवशिक्याला पथकात घ्यायचे, हा धडा मात्र जरूर घ्यावा. आमच्या गायनपथकात सूर लागत नाही म्हणून परत पाठवलेली मुले मला माहीत आहेत. त्यांतली काही नंतर उपासनेलाही दिसली नाहीत.

ल्यूथरकडून घ्यायचेच असेल तर आणखी एक गोष्ट घ्यावी. १५२८ मध्ये त्यांनी सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांची पाहणी केली, तेव्हा लोकांना विश्वासाच्या मूळ गोष्टीही ठाऊक नाहीत हे पाहून ते फार कष्टी झाले, आणि पुढच्याच वर्षी, १५२९ साली, त्यांनी लहान प्रश्नोत्तरी लिहिली. घरच्या कर्त्याने आपल्या माणसांना शिकवावी म्हणून ती लिहिली होती. म्हणजे धर्मसुधारणेचा एक पाय चर्चमध्ये आणि दुसरा घराच्या ओसरीवर होता. म्हणून ३१ ऑक्टोबरला व्याख्यान ठेवण्यापेक्षा त्या आठवड्यात दहा घरी प्रार्थना ठेवाव्यात, चहापलीकडे काही करायचे नाही असे पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून आधी जाहीर करावे, आणि घरच्या माणसांनीच वचन वाचून चार शब्द बोलावेत.

मृतांच्या स्मरणाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण एक अट आहे. नावे मंडळीच्या दफनाच्या नोंदवहीतून घ्यावीत, वर्गणीच्या वहीतून घेऊ नयेत. ज्याची वर्गणी थकली होती त्याचेही नाव त्याच आवाजात वाचले गेले पाहिजे.

उत्तर : मिरजेची लेक

जुन्या पंचांना सलाम. काका, तुमचे बरेचसे पटले, पण तुमच्या सगळ्या योजनेत मुले कोठेच नाहीत, म्हणून लिहिते. मी मिरजेत वाढले, लग्नानंतर कोल्हापुरात आहे आणि शब्बाथशाळेत शिकवते.

आगमनकाळाच्या पुष्पचक्राची (ज्यावर दर रविवारी एक मेणबत्ती पेटवतात) मूळ कथा मुलांच्या संगोपनाचीच आहे. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विकर्न नावाचे धर्मशास्त्राचे अभ्यासक गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवत. "नाताळ कधी येणार" असे मुले रोज विचारत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचे एक जुने लाकडी चाक आणले, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आपण बाजारातून प्लास्टिकच्या हिरव्या पानांचे तयार चक्र आणतो आणि चार रविवार पेटवून कपाटात ठेवतो. आमच्या माहेरी गोठ्यात बैलगाडीचे एक चाक वर्षानुवर्षे भिंतीला टेकून उभे आहे. त्याच्या धावेचे लोखंड गंजले असले तरी आरे शाबूत आहेत. तेच चाक टेम्पोने आणून हॉलमध्ये ठेवावे, संध्याकाळी पाच मिनिटांसाठी हॉल उघडावा, आणि जवळ राहणाऱ्या मुलांनी येऊन एक मेणबत्ती पेटवावी, एक वचन वाचावे, एक गीत म्हणावे आणि घरी जावे. शाहूपुरीकर दादा ज्या कुलपाविषयी लिहितात ते निदान डिसेंबरमध्ये रोज निघेल. आणि रोज कुलूप काढणारा माणूस मिळाला की जानेवारीतही तो मिळू शकतो.

कंदिलांच्या मिरवणुकीसाठी वेगळे सामानही लागणार नाही. दिवाळीच्या सुमारास मुले शाळेत आकाशकंदील करायला शिकतातच, आणि आपल्या घरांवर नाताळात चांदणी लागतेच. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला संत मार्टिनने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, म्हणून त्या मिरवणुकीत काही तरी वाटून खाण्याची पद्धत आहे. आपण आपल्या कापणीच्या सणातील गूळ त्यासाठी ठेवू शकतो. दरवर्षी लिलावात गुळाचा रवा (ढेप) मोठ्या बोलीने जातो आणि एकाच घरी जातो. यंदा एक रवा लिलावाला न काढता मुलांच्या हाताने फोडून, मिरवणुकीच्या वाटेवर जे रस्त्याच्या कडेला राहतात त्यांना भाकरीबरोबर द्यावा, असे मला मनापासून वाटते.

शाहूपुरीकर (मूळ प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल फार आभारी आहे. काल रात्री पाळकसाहेबांना ही सर्व उत्तरे वाचून दाखवली.

दहा घरी प्रार्थना ठेवण्याचे त्यांनी मान्य केले, फक्त आरंभ पाच घरांनी करावा असे म्हणाले, आणि पहिले घर स्वतःचे लिहायला सांगितले. गायनपथकाविषयी पथकाच्या प्रमुखांशी ते स्वतः बोलणार आहेत. गुळाचा रवा राखून ठेवण्याचे महिला मंडळाकडे मांडू. ताई, तुमचे चाक आणायला माझा टेम्पोवाला मित्र येत्या शनिवारी तुमच्या माहेरी येऊ शकतो, तेव्हा कृपया कोणते गाव आणि गोठ्याची वाट कोठून आहे ते मला निरोपात कळवा. हॉलचे कुलूप १ डिसेंबरपासून रोज संध्याकाळी सात वाजता मी काढीन. मला ताप आला तर माझा मुलगा काढील, तसे त्याने कबूल केले आहे.

इचलकरंजीच्या भावाला एक विनंती आहे. स्मरणाच्या उपासनेसाठी दफनाची नोंदवही आज मी स्वतः उघडली. गेल्या वर्षीची आणि या वर्षीची नावे उतरून घेतली, आणि दोन वर्षांपूर्वी राहून गेलेले बाईंचे नाव सर्वांत वर लिहिले. त्यांच्या मुलाला संध्याकाळी फोन केला, मेणबत्ती पेटवायला तो येतो म्हणाला. आपल्या वडिलांचे नावही आम्ही येथे वाचावे अशी आपली इच्छा असेल तर ते कळवा, यादीत त्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे.